फ्रिजमधली हॅट

बेसिंगस्टोकच्या त्या बिझनेस पार्कमध्ये दुपारचं जेवण म्हणजे शिक्षाच होती. उकडलेला बटाटा, त्यावर चीज, बाजूला गार पडलेले बीन्स. नागपूरच्या माणसाने हे रोज खायचं म्हणजे काय, विचारू नका. पहिल्याच आठवड्यात ताटाकडे बघून मी जे तोंड केलं, ते काउंटरपलीकडच्या बाईंनी पाहिलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, काउंटरखालून एक जुनी व्हिनेगरची बाटली काढली आणि माझ्या बटाट्यावर चार थेंब टाकले. पिवळट मिरचीचा रस होता तो. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, ते सगळंच मिरचीमुळे नव्हतं.

त्या बाईंना मी मनातल्या मनात काकू म्हणायला लागले. पन्नाशी उलटलेल्या, कॅरिबियनमधल्या एका बेटावर जन्मलेल्या, विशीत इंग्लंडला येऊन आधी हॉस्पिटलच्या फरशा पुसल्या आणि मग कँटीन धरलेलं. मी त्यांना घरचा लसणाचा ठेचा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबी धुऊन परत आली आणि त्यात दोन केळ्याच्या वड्या होत्या. रिकामी डबी परत द्यायची नाही, हे त्या बेटावरही कळतं, हे बघून मला फार बरं वाटलं होतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट आहे. मी वर्क परमिटवर आले होते आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. योगायोग असा, की आमच्या टीमकडे तेव्हा काकूंच्याच बेटाच्या सरकारचं काम होतं. बेटाचं नाव आजही घेणार नाही, करारात तशी अट होती. काम होतं गरिबांची यादी करायचं. कुणाला सरकारी भत्ता द्यायचा आणि कुणाला नाही, हे साहेबाच्या मर्जीवर न ठेवता कॉम्प्युटरने ठरवायचं. आधी म्हणे आमदाराच्या ओळखीचे लोक यादीत असायचे. ते बंद व्हावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि हेतू चांगलाच होता, ते नाकारत नाही.

पद्धत साधी होती. सरकारचा माणूस घरोघर फॉर्म घेऊन जायचा. भिंती लाकडाच्या की सिमेंटच्या, पाणी आत की बाहेर, संडास कसा, घरात माणसं किती, टीव्ही आहे का, फ्रिज आहे का. प्रत्येक गोष्टीला गुण. गुण एका रेषेच्या वर गेले की तुम्ही गरीब नाही. यादीत असाल तर दर दोन महिन्यांनी भत्ता आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट. मी ते बेट नकाशावरसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. पण तिथे कुणाच्या घरी फ्रिज आहे, ते मला माझ्या खुर्चीत बसून दिसत होतं.

फ्रिजच्या शेजारी एक छोटा रकाना होता, 'चालू आहे का?' हा रकाना फॉर्म भरणारे लोक निम्म्या वेळा कोराच सोडायचे. आणि रकाना कोरा असला की आमचं सॉफ्टवेअर अख्खा फॉर्म परत फेकायचं. परत आलेल्या फॉर्मचा ढीग वाढत चालला होता, मुदत जवळ आली होती, सगळे वैतागले होते. तेव्हा मीटिंगमध्ये मी म्हटलं, की रकाना ऐच्छिक करा आणि कोरा असेल तर फ्रिज चालू आहे असं धरा. फ्रिज बंद असता तर माणसाने तसं लिहिलं नसतं का? खोलीतल्या सगळ्यांना पटलं. त्याच दुपारी ढीग साफ झाला. शुक्रवारी मॅनेजरने सगळ्यांसमोर मला चॉकलेटचा मोठा डबा दिला. मी हवेत होते. डबा घेऊन आधी कँटीनमध्ये गेले आणि काकूंपुढे धरला. त्यांनी नारंगी क्रीमची दोन चॉकलेटं निवडली, एक तोंडात टाकलं, एक एप्रनच्या खिशात ठेवलं. म्हणाल्या, “डार्लिंग, डोकं चालवलंस वाटतं.” मी म्हटलं, “मग काय तर.”

मी कशावर काम करते हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. करार, दुसरं काय.

काकूंच्या फ्लॅटवर मी रविवारी जायला लागले. दरवाजा उघडला की पॅसेजमध्येच एक मोठं निळं प्लास्टिकचं पिंप उभं असायचं, कमरेपर्यंत उंच. वर्षभर त्यात सामान पडत राहायचं. तांदूळ, साबण, माशांचे डबे, मोजे, टॉवेल. ख्रिसमसच्या आधी पिंप भरलं की एक व्हॅनवाला यायचा आणि ते साउथहॅम्प्टनच्या बंदराकडे रवाना व्हायचं. त्या बेटावरून आलेला प्रत्येक माणूस असं पिंप पाठवतो म्हणे. पाठवलं नाही तर तिकडे लोक विचारतात, की पोरगी बरी आहे ना.

पिंप जायचं मावशीकडे. काकूंची आई त्या लहान असतानाच वारली, मावशीने वाढवलं. मावशीने सगळा जन्म टेकडीवरच्या एका बंगल्यात स्वयंपाक केला. वर बंगल्याला आठ खोल्या, खाली ओढ्याशी हिची एक लाकडी खोली. चाळीसएक वर्षं त्या घराला जेवू घातलं, आणि हात कापायला लागल्यावर मालकिणीने एक जुना शिवणाचा डबा देऊन निरोप दिला. पेन्शन नाही. घरकाम करणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच वहीत नसतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आमच्याकडे काय वेगळं आहे. मावशीला साखरेचा आजार होता. भत्ता आणि फुकटचं औषध यावर तिचं चाललेलं होतं.

“आणि तो फ्रिज मी पाठवलेला,” काकू एकदा मोजे खुपसत म्हणाल्या. रात्रपाळ्या करून, खूप वर्षांपूर्वी. गल्लीतला पहिला फ्रिज होता तो. चार वर्षांतच बंद पडला, समुद्राच्या वाऱ्याने आतून गंजला. पण मावशीने टाकला नाही. पुढच्या खोलीत ठेवला, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. आत पीठ ठेवते, उंदीर शिरत नाहीत म्हणून. वरच्या कप्प्यात घराचे कागद. आणि मधल्या कप्प्यात चर्चला घालायची हॅट. हे सांगताना काकू इतक्या हसल्या की पिंपाला धरून उभ्या राहिल्या. मीही हसले. त्या फ्रिजच्या शेजारच्या रकान्याची मला त्या वेळी आठवणसुद्धा झाली नाही.

फेब्रुवारीत एक दिवस काकूंनी माझ्या बटाट्यावर चार थेंब टाकले आणि बाटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मावशीला काढलं.” कुठून काढलं, मी विचारलं. “यादीतून. पत्र आलं. तू आता गरीब नाहीस म्हणे.” औषध विकत घ्यावं लागणार होतं, आणि मावशीने फोनवर म्हटलं होतं की मी अर्धी गोळी घेईन, म्हणजे दुप्पट दिवस पुरेल.

मी विचारलं, “सरकारचा माणूस आला तेव्हा मावशी फ्रिज चालत नाही असं बोलल्या का?”

“ती कशाला बोलेल? तिने तर घर सजवलं होतं. शेजारणीचे पडदे आणून लावले, फुलं धुतली, त्याला आल्याचं सरबत दिलं.” काकूंच्या आवाजात कौतुक होतं. “माणूस घरी येणार, तोही सरकारचा.”

मी ताट तसंच ठेवून उठले.

आता सांगते ते मी कँटीनमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. मी कॉलेजात असताना आमच्या घरी रेशन कार्डाचा सर्वे आला होता. बाबांची गिरणी बंद पडलेली, घरात पिवळं कार्ड मिळण्यासारखीच परिस्थिती होती. आणि आईने काय केलं असेल? देशपांड्यांकडून ट्रे आणि काचेचे ग्लास आणले, पलंगावर लग्नातला पलंगपोस घातला, त्या माणसाला चहा आणि वर शंकरपाळे दिले. मी म्हटलं, अगं, तो आपली गरिबी बघायला येतोय. तर म्हणाली, “माणूस घरी येऊन राहिला अन् त्याला का फुटका कप देऊ?” कार्ड आलं केशरी. बाबा एवढंच म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. पुढची तीन वर्षं आम्ही महाग धान्य खाल्लं. म्हणजे जगात हे कुणाला माहीत असायला हवं होतं, तर मला. बंद फ्रिजवर रुमाल घालणारी बाई 'चालत नाही' असं आपण होऊन कधीच सांगणार नाही, हे मला न कळायला मी काय इंग्लंडात जन्मले होते? पण एसीत बसून, कॉफी पीत, मला सगळं विसरायला झालं होतं.

दुपारी मी नियमाबाहेरचं काम केलं. आमच्याकडच्या माहितीत मावशीच्या गावाच्या नावाने शोधलं. एकटी बाई, वय अठ्ठ्याहत्तर, भिंती लाकडी, पाणी बाहेर. फ्रिज, आहे. 'चालू आहे का', कोरं. रेषेच्या वर अगदी थोडी. फ्रिजचे गुण काढले तर ती रेषेच्या खाली, यादीत.

मॅनेजरकडे गेले. अतिशय सभ्य माणूस. त्याला कधी राग यायचा नाही, हीच पंचाईत होती. भांडायचं तरी कुणाशी. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, मुद्दा महत्त्वाचा आहे, आपण नोंद करून ठेवू, पण बदल क्लायंटने मागायला हवा. मी क्लायंटशी बोलायची परवानगी मागितली. त्याने तीही दिली. गुरुवारच्या फोनवर बेटावरच्या खात्यातल्या एक बाई होत्या, दमलेला आवाज. म्हणाल्या, “तुम्ही म्हणता ते आम्हाला रोज दिसतं. पण यादीत किती लोक बसतील ते आधीच ठरलेलं आहे. कर्ज देणाऱ्यांची अट आहे. कोऱ्या रकान्याला बंद धरलं, की रेषाच खाली आणावी लागेल. मग एक आत येईल आणि दुसरी बाहेर जाईल. तुम्हाला कुणाला बाहेर काढायचंय?”

फोनवर लगेच पुढचा विषय सुरू झाला.

एक वाट मात्र त्या बाईंनी सांगितली. तक्रार अर्ज केला की माणूस परत घर बघायला येतो. मी काकूंना ते सांगितलं. मला कसं माहीत, हे त्यांनी विचारलं नाही, मी कॉम्प्युटरवाली आहे म्हणजे मला माहीत असणारच, असं त्यांनी धरून टाकलं. रविवारी दुपारी, तिकडे सकाळ असताना, फोनकार्ड खरवडून आम्ही मावशीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. मी स्वतः मावशीला समजावलं. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. पडदे लावू नका. सरबत देऊ नका. माणूस आला की घर आहे तसं दिसू द्या. आणि तो फ्रिज चालत नाही, हे त्याला आधी सांगा.

मग मावशी काकूंना म्हणाली, “ही मुलगी कोण?”

“इंडियाची आहे. तिला कागदांचं कळतं.”

“तिला विचार, तिच्या गावात घरी आलेल्या माणसासमोर असं बोलतात का. माझ्या पोरीने पाठवलेली वस्तू मोडकी आहे म्हणून?”

मला आईच आठवली. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. सांगायचं नसेल तर फ्रिज त्या दिवसापुरता शेजारणीकडे ठेव. हे मावशीला चाललं. आणि मलाही चाललं. माझ्या तोंडूनच निघालं, “हो, हे उत्तम.” तो एक शब्द मी आजही गिळू शकत नाही.

पुढचं सगळं काकूंनी महिन्याभराने सांगितलं, टेबल पुसता पुसता. शेजारच्या दोघा पुरुषांनी फ्रिज उचलून शेजारणीच्या खोलीत ठेवला, पिठासकट, हॅटसकट. शेजारीण म्हणजे तीच पडदेवाली. दोन लहान मुलं, नवरा दुसऱ्या बेटावर कामाला गेलेला, परत न आलेला. माणूस आला. मावशीचं घर बघितलं, फ्रिज नाही असं लिहिलं. आणि इतक्या लांब आलोच आहोत तर गल्लीतली चार घरं उरकून जाऊ, म्हणून शेजारणीकडे शिरला. तिच्या खोलीत फ्रिज. आहे, अशी खूण केली. चालू आहे का, विचारलंसुद्धा नाही. का विचारेल? तो रकाना कोरा सोडला तर चालतं, हे आता बेटावर सगळ्यांना माहीत झालं होतं.

ती शेजारीण एका वाक्यात सुटली असती. हा माझा नाही, म्हाताऱ्या मावशीचा आहे. पण मग मावशी खोटी पडली असती. तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती बोलली नाही, आणि तिलाही पत्र गेलं, की तू आता गरीब नाहीस. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

मावशी यादीत परत आली होती. तिला औषध मिळायला लागलं होतं. मी मनात म्हटलं, निदान एवढं तरी. पण काकूंचं टेबल पुसणं थांबलं नव्हतं. “ती गेली ऑफिसात,” त्या म्हणाल्या. “हॅट घालून. दोन बस बदलून. म्हणाली, तो फ्रिज माझा आहे, माझं नाव काढा आणि हिचं घाला.”

“मग?”

“मावशीचं नाव काढलं. ते लगेच होतं म्हणे. शेजारणीचं घालायला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागेल, तक्रारी घेणं आता बंद झालंय.”

“पुढची फेरी कधी?”

“तुला माहीत असेल डार्लिंग. तुला कागदांचं कळतं.”

मला माहीत होतं. तीन वर्षांनी. मावशीचं नाव काढायचं बटण मीच तपासलं होतं, आणि ते छान, पटकन चालायचं.

मी परत मॅनेजरकडे गेले, परत फोनवर बोलले, दोन लांबलचक ईमेल लिहिल्या. सगळ्यांनी मला मनापासून सहानुभूती दाखवली. इतकी, की मला ओरडावंसं वाटायचं. पण ओरडून करणार काय? माझं परमिट त्याच कंपनीच्या नावावर होतं, नागपूरला पैसे माझ्याच पगारातून जात होते, आणि मी नोकरी सोडली असती तरी बेटावरचा फ्रिज आपल्या जागी आहे तसाच राहिला असता. असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं होतं, हे जास्त वाईट.

नोव्हेंबरात पिंप भरायला मी काकूंकडे गेले. मावशीच्या एका डोळ्याची नजर तोवर गेली होती. अर्ध्या गोळ्यांमुळे, की गेलीच असती, कोण सांगणार. मी हाय स्ट्रीटवरून एक टेबलक्लॉथ आणला होता, पांढरा, कडेला निळी वेल. काकूंनी तो उलगडून बघितला, हात फिरवला, फार सुंदर आहे म्हणाल्या, परत घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“हा नको. असं काही पाठवायचं नाही आता. मोजतील.”

पिंपात बघितलं तर खरंच, त्या वर्षी नुसते तांदूळ, साबण, डबे. आणि शेजारणीच्या मुलांचे दोन जोड बूट, जुने दिसावेत म्हणून काकूंनी ते आठवडाभर फ्लॅटच्या दाराबाहेर पावसात ठेवलेले. माझ्याने राहवलं नाही. मी सगळं बोलून टाकलं. करार गेला खड्ड्यात. ते काम आमचं होतं, तो रकाना होता, आणि तो कोरा सोडला तर चालेल हे मीच सुचवलं, मीच.

काकू एका बुटात मोजे कोंबत होत्या. त्या थांबल्या नाहीत. दुसरा बूट घेतला, त्यातही मोजे कोंबले. मग म्हणाल्या, “याचंच चॉकलेट मिळालं होतं ना तुला? तो मोठा डबा?”

मी मान हलवली.

“नारंगी होती. मी दोन खाल्ली.” त्यांनी बूट पिंपात ठेवले. “एक घरी आणून खाल्लं, चहाबरोबर.”

रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. पिंप काठोकाठ भरलं होतं आणि झाकण बसत नव्हतं. झाकण आवळायचं लोखंडी कडं हातात घेऊन त्यांनी मला झाकणावर बसायला सांगितलं. मी टेबलक्लॉथ पोटाशी धरून वर बसले, आणि त्या खाली वाकून हातोडीने कडं ठोकत राहिल्या. माझं वजन, तेवढंच काय ते त्यांच्या कामाला आलं.